दुधातला न दिसणारा हिशोब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या भाचीला पहिलं बाळ झालं आणि ते सव्वा महिन्याचं असताना एका रात्री साडेदहा वाजता तिचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर मी घाबरलोच. पण बाळ-बाळंतीण दोघंही ठीक होती. तिनं कुठंतरी वाचलं होतं की आईच्या दुधात डीडीटीचे अंश सापडतात. तिनं सरळ विचारलं, "मामा, तुम्ही आयुष्यभर हेच तपासत आलात ना? मग खरं सांगा. बाळाला अंगावर पाजू की डब्याचं दूध सुरू करू?"

तिला उत्तर मी त्याच रात्री दिलं. ते तुम्हालाही सांगणार आहे. पण त्या उत्तरामागे एक मोठा हिशोब आहे आणि तो समजल्याशिवाय नुसत्या 'हो' किंवा 'नाही'ला काही अर्थ नाही. म्हणून आधी हिशोब, मग उत्तर.

एका शासकीय प्रयोगशाळेत अन्नातले कीटकनाशकांचे अंश तपासण्याचं काम मी एकतीस वर्षं केलं. दूध, लोणी, तूप, तेल, धान्य, मासे, जे समोर येईल ते. या पदार्थांत आम्ही जी रसायनं शोधायचो, त्यांतल्या एका जातीला 'चिवट सेंद्रिय प्रदूषकं' म्हणतात. इथे लगेच एक खुलासा करतो. सेंद्रिय म्हटलं की आज आपल्याला सेंद्रिय शेती, सेंद्रिय गूळ आठवतो. इथे तो अर्थ नाही. रसायनशास्त्रात कार्बनच्या सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या पदार्थांना सेंद्रिय म्हणतात, एवढाच इथे त्याचा संबंध. महत्त्वाचा शब्द आहे तो 'चिवट'. ऊन, पाऊस, जमिनीतले जिवाणू, आपलं यकृत, कुणालाच ही रसायनं सहजासहजी मोडता येत नाहीत. शिवाय ती पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मात्र झटकन विरघळतात. चिवटपणा आणि चरबीची ओढ, हे दोन गुण लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून निघतं.

डीडीटी हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. त्याच्याबद्दल बोलताना मला आधी त्याचे उपकार सांगितले पाहिजेत. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं. लहानपणी वर्षातून एक-दोनदा 'डीडीटी मारणारे' यायचे. पाठीला पंप, तोंडाला फडकं. घरातली भांडीकुंडी अंगणात काढायची, भिंतींवर फवारा बसायचा आणि दाराशेजारी तारीख लिहून ते पुढच्या घरी जायचे. आई त्यांना चहा द्यायची. तिच्या लहानपणी हिवतापानं घरं रिकामी झालेली तिनं पाहिली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं दगावायची. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा एक लाखाच्या आसपास आला. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पाउल म्यूलर यांना १९४८ चं नोबेल पारितोषिक मिळालं, ते उगाच नव्हे.

पण हेच रसायन भिंतीवरून शेतात आलं. त्याच्या जोडीला बीएचसी आलं, ज्याला आपल्याकडे बरेच जण गॅमेक्सिन पावडर म्हणायचे. कपाशीवर, भातावर, भाजीवर, मुंग्यांच्या वारुळावर, जिथे किडा दिसेल तिथे ही पावडर धुरळली जायची. ती स्वस्त होती आणि टिकायची. टिकते म्हणून तिचं कौतुक होतं. तोच तिचा दोष आहे हे ध्यानात यायला वेळ लागला.

आता ती दुधात कशी येते ते पाहा. फवारलेल्या पिकाचा कडबा, पेंढा किंवा सरकीची ढेप गाई-म्हशीच्या दावणीत पडते. गोठ्याच्या भिंतीवर फवारा मारला असेल तर तो अंगाला, चाऱ्याला लागतो. चाऱ्यातला अंश अगदी थोडा असतो, पण जनावर तो रोज खातं. तो लघवीवाटे निघून जात नाही, कारण पाण्यात विरघळत नाही. तो चरबीत साठत राहतो. आणि दुभत्या जनावराच्या अंगातून चरबी बाहेर पडायची मोठी वाट कोणती? दूध. डेअरीवर आपण विचारतो ना, 'आज फॅट किती लागली?' त्या फॅटमध्येच तो बसलेला असतो. म्हणून दूध उकळलं तरी तो जात नाही. उलट साय काढली, लोणी घुसळलं, तूप कढवलं, की फॅटबरोबर तोही एकवटतो. पाच टक्के फॅटच्या दुधाचं तूप झालं की फॅट वीसपट दाट होते आणि तिच्यात मुरलेलं रसायनही जवळजवळ तेवढंच. माशांचंही तसंच आहे. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांकडून छोट्या माशाकडे, छोट्याकडून मोठ्याकडे, असं ते एकेक पायरी चढत दाट होत जातं. या शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर माणूस बसलेला आहे. आणि माणसाच्याही वर एक पायरी आहे. ती म्हणजे अंगावर पिणारं बाळ.

भाजी धुतली की काम झालं असं आपल्याला वाटतं. पालेभाजी धुवावीच. पण दुधातला हा अंश ना धुता येतो, ना त्याला वास, ना चव, ना रंग. स्वयंपाकघरात तो ओळखण्याची कुठलीही युक्ती नाही. तो फक्त मोजता येतो. माझ्या आजच्या बोलण्यातलं मुख्य वाक्य हेच आहे. ज्या गोष्टीपासून घरात स्वतःला वाचवता येत नाही, तिच्यापासून वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कुणीतरी ती नियमानं, वर्षानुवर्षं, कंटाळा न करता मोजत राहणं.

मोजतात कसं, तेही थोडक्यात सांगतो. बाजारातून नमुना आणताना आवडीनिवडीनं आणायचा नाही, ठरलेल्या पद्धतीनं आणायचा. बाटलीवर कंपनीचं नाव नाही, फक्त क्रमांक. दुधातली फॅट वेगळी काढायची, तिच्यातून रसायन द्रावकात उतरवायचं, ते शुद्ध करायचं आणि त्याचा एक थेंबभर अंश गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात सोडायचा. लांब, केसासारख्या बारीक नळीतून जाताना वेगवेगळी रसायनं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर एकेक टोक उमटतं. त्या टोकांवरून कोण किती ते कळतं. यातल्या सर्वांत नाजूक भागाचा शोध जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये लावला. इलेक्ट्रॉन पकडणारा हा शोधक नसता तर जगाला या विषांचा पत्ता फार उशिरा लागला असता.

किती बारीक मोजतो याची कल्पना देतो. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात दोन चमचे औषध टाकलं तर ते झालं दहा लाखांत एक भाग. आपल्याकडे संपूर्ण दुधातल्या डीडीटीची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे त्या टँकरमध्ये साधारण दहा थेंब. आणि डायॉक्सिन नावाची जी भयंकर रसायनं आहेत, ती मोजायची तर पाच हजार टँकरांमध्ये एक थेंब, इतक्या बारकाईनं शोधावी लागतात. त्यामुळे आमच्या कामाचा निम्मा वेळ नमुना तपासण्यात जायचा आणि निम्मा स्वतःला तपासण्यात. रोज एक 'कोरा' नमुना लावायचा, ज्यात काहीच नसतं. त्यात टोक उमटलं तर समजायचं की भांडं तरी अस्वच्छ आहे नाहीतर द्रावक तरी. मग त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द. नव्या मुलांना मी सांगायचो, चुकीचा आकडा देण्यापेक्षा आकडा न देणं बरं. चुकीच्या आकड्यानं एखाद्याचा दुधाचा धंदा बुडतो नाहीतर एखाद्याचं पोर विष पितं.

आता आपल्या देशाच्या हिशोबाकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, बारा राज्यांतून दुधाचे २,२०५ नमुने तपासले. अहवाल १९९३ मध्ये आला. ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचे अंश होते. ३७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त होते. सर्वांत जास्त सापडलं ते किलोमागे २.२ मिलिग्रॅम. आणि राज्यवार यादीत सर्वांत वर कोण होतं? महाराष्ट्र. आपल्या राज्यातले ७४ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. त्याखालोखाल गुजरात, ७० टक्के. तो तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी स्वतःची मुलगी शाळेत जात होती आणि रोज दोन पेले दूध पीत होती. तिला दूध बंद करायचं का, असा विचार माझ्याही मनात आला होता. तेव्हा भाचीच्या रात्रीच्या फोनमागची काळजी मला परकी नव्हती.

अशा वेळी घाबरण्याआधी एक गणित करावं लागतं. पदार्थात किती आहे, हा हिशोबाचा एक तृतीयांश भाग झाला. तो पदार्थ आपण किती खातो, हा दुसरा. आणि खाणाऱ्याचं वजन किती, हा तिसरा. तिन्ही एकत्र आले की शरीरात किती जातं ते कळतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००० मध्ये डीडीटीसाठी एक मर्यादा सांगितली: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.०१ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसासाठी झाले अर्धा मिलिग्रॅम. अगदी कायद्याच्या मर्यादेवरचं दूध त्यानं अर्धा लिटर प्यायलं तर पोटात जातात ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे विसावा हिस्सा. काही बिघडत नाही. तेच अर्धा लिटर दहा किलोच्या मुलानं प्यायलं तर? त्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या दुधानंच पाव हिस्सा भरला. लोणी, तूप, अंडी, मासे अजून बाकी आहेत. आणि तो सर्वांत वाईट २.२ चा नमुना असेल तर? मोठ्या माणसाची मर्यादा दुपटीनं ओलांडली जाते, लहान मुलाची अकरा पटींनी. दूध तेच, पण घरातल्या दोन माणसांसाठी त्याचा अर्थ वेगळा. म्हणून 'मर्यादेपेक्षा जास्त म्हणजे विषच' हेही खरं नाही आणि 'एवढ्याशानं काय होतंय' हेही खरं नाही.

हे तीन भाग विसरले की काय होतं, ते २००३ मध्ये आपण पाहिलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस सापडल्याचं जाहीर केलं. देशभर गदारोळ झाला, श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. तो वाद आवश्यकच होता. पण शीतपेयाची बाटली आपण महिन्यातून किती वेळा पितो? आणि दूध? दहा वर्षांपूर्वी आलेल्या दुधाच्या अहवालावर चौकाचौकांत तशी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच काही देश एकेक पदार्थ न तपासता अख्खं ताट तपासतात. अमेरिकेत १९६१ पासून ही पद्धत आहे. लोक जे खातात ते बाजारातून आणायचं, घरात करतात तसंच निवडायचं, धुवायचं, शिजवायचं आणि मग प्रयोगशाळेत द्यायचं. आपल्याकडे करायचं तर ज्वारीची भाकरी, वरण-भात, दूध, तेल, बांगडा, सगळं शिजवून तपासावं लागेल, आणि जळगावचं ताट वेगळं, रत्नागिरीचं वेगळं. कोण किती खातं याची माहिती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पाहण्यांनी १९७२ पासून काही दशकं घरोघर जाऊन, धान्य वजन करून जमवली. अशा रटाळ वाटणाऱ्या कामाशिवाय विषाचा हिशोब पुरा होत नाही.

हिशोबाची आणखी एक बाजू आहे: अन्न न तपासता थेट माणूस तपासायचा. याची गोष्ट स्वीडनमधली आहे. सोरेन येन्सेन नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्राण्यांमधलं डीडीटी मोजत होता. त्याच्या कागदावर काही अनोळखी टोकं वारंवार उमटत होती. १९६६ मध्ये त्यानं जाहीर केलं की ही विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायनं आहेत. मग त्यानं घरच्यांचे केस तपासले. स्वतःच्या केसांत होती, बायकोच्या केसांत होती आणि पाच महिन्यांच्या मुलीच्या केसांतही होती. त्या मुलीनं अजून ना मासा खाल्ला होता ना अंडं. तिच्याकडे ती आईच्या दुधातूनच आली होती.

स्वीडननं यातून धडा घेतला. स्टॉकहोममध्ये १९७२ पासून आयांनी दिलेल्या दुधाचे नमुने गोठवून जपले गेले. पुढे १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी ते जुने नमुने काढून, आग लागू नये म्हणून गाद्यांच्या फोममध्ये आणि टीव्ही-संगणकांच्या प्लॅस्टिकमध्ये घातली जाणारी ब्रोमीनयुक्त रसायनं शोधली. १९७२ ते १९९७ या पंचवीस वर्षांत आईच्या दुधातलं त्यांचं प्रमाण पन्नास पटींहून जास्त वाढलेलं निघालं. दर पाच वर्षांनी दुप्पट. त्याच पेट्यांतल्या नमुन्यांत डीडीटी आणि पीसीबी मात्र उतरत गेलेली दिसली, कारण त्यांच्यावर बंदी आली होती. एकाच दुधानं दोन गोष्टी सांगितल्या: बंदीचा उपयोग होतो, आणि नवा पाहुणा घरात शिरला आहे. युरोपनं २००४ मध्ये त्या ब्रोमीनच्या रसायनांतल्या मुख्य दोन प्रकारांवर बंदी आणली. नमुने जपून ठेवले नसते तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आज जगभर हीच पद्धत वापरली जाते. २००१ मध्ये याच स्टॉकहोम शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २००४ मध्ये अमलात आला आणि भारतानं २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. सुरुवातीला त्यात बारा रसायनं होती, आज तीसहून अधिक आहेत. करार पाळला जातोय की नाही हे कागदावरून ठरवत नाहीत. हवा, पाणी आणि आईचं दूध किंवा रक्त यांवरून ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत पहिल्यांदाच आई झालेल्या पन्नास जणींचं दूध एकत्र करून तपासतात. पहिलटकरणीच का? कारण आईच्या शरीरात आयुष्यभर साठलेला साठा पहिल्या बाळाला पाजताना उतरायला लागतो. तिच्या दुधावरून त्या देशातल्या अन्नाचा पूर्वीचा सगळा इतिहास वाचता येतो. या कराराचं एक प्रादेशिक केंद्र आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेत आहे.

आपल्या देशात काय झालं? शेतीत डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये, एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. २०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभरातल्या अकराशेहून अधिक गावा-शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला तो फक्त एका नमुन्यात, केरळमधल्या. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकड्याला आकडा लावून तुलना करू नये. तरी शंभरात सदतीस कुठं आणि साडेसहा हजारांत एक कुठं. दिशा स्पष्ट आहे. ज्यांनी पहिल्यांदा मोजलं त्यांच्यामुळे बंदी आणण्याला जोर आला, आणि पुन्हा मोजल्यामुळे फरक दिसला.

पण त्याच २०१८ च्या पाहणीत ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे चाऱ्याला, ढेपीला बुरशी आल्यानं तयार होणारं विष. म्हणजे एक शत्रू मागे हटला तेव्हा दुसरा दिसला. चिवट रसायनांच्या यादीतही भर पडते आहे. न चिकटणाऱ्या तव्यांच्या, पाणी न लागणाऱ्या कापडांच्या कारखान्यांतली फ्लुओरीनयुक्त रसायनं २००९ पासून एकेक करून तिच्यात आली. २०२५ मध्ये काही सवलतींसह क्लोरपायरिफॉसही आलं. शीतपेयांत सापडलेल्या चौघांतलंच ते एक. आणि डायॉक्सिन तर कुणी मुद्दाम बनवतही नाही. कचरा आणि प्लॅस्टिक उघड्यावर जाळलं की ती आपोआप तयार होतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागली तेव्हा धूर सगळ्यांनी पाहिला. अशा धुरातले कण गवतावर, पाण्यावर बसतात आणि गवत गाय खाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या अंगात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अन्नातून येतं आणि आत गेलेलं अर्ध्यावर यायला सात ते अकरा वर्षं लागतात. मागच्या अंगणात दूध-पिशव्या जाळणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांची प्रत्येक नोंदणीकृत बाग तपासली जाते. नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्यांनी ती शिस्त अंगी बाणवली आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण तेवढीच काळजी आपल्या अंगणवाडीतल्या मुलाच्या दुधाबद्दल, अंड्याबद्दल घेतली जावी, असं म्हणणं फार झालं का? आपल्याला ते परवडत नाही असं नाही, कारण यंत्रं, माणसं, पद्धती सगळं देशात आहे. कमी पडतो तो आपला आग्रह. पाणीपट्टी वाढली की आपण विचारतो. तसं 'आमच्या जिल्ह्यातल्या दुधाचे, माशांचे या वर्षीचे आकडे कुठे आहेत?' असंही विचारायला शिकलं पाहिजे.

आता भाचीचं उत्तर. मी तिला म्हटलं, "बाळाला अंगावरच पाज. पहिले सहा महिने दुसरं काही नको." जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, आणि हे अंश ठाऊक असूनही सांगते. जुलाब, न्यूमोनिया यांपासून आईचं दूध जे संरक्षण देतं ते मोठं आहे आणि आज दिसणारं आहे. आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. आयसीएमआरनं त्याच वेळी वीस कंपन्यांच्या बाळदुधाचे १८६ नमुनेही तपासले होते. सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत बीएचसी निघालं होतं. डब्यातलं दूधही शेवटी याच देशातल्या गोठ्यांतून येत होतं. या हिशोबातून एकट्यानं निसटायला कुणालाही वाट नाही. वाट आहे ती सगळ्यांसाठी एकदमच.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, म्हणजे माझ्या दुधात जे आहे ते मी आता काही खाल्ल्या-न खाल्ल्यानं बदलणार नाही?"

"फारसं नाही," मी म्हटलं. "तुझ्या जन्माच्या आधी लोकांनी जे फवारलं, त्यातलं थोडं तुझ्यात आहे. पण तुझ्या आईच्या दुधात होतं त्यापेक्षा ते कमी असणार. तुझ्या मुलीच्या दुधात किती असेल, ते आता आपण काय जाळतो, काय फवारतो आणि काय मोजतो यावर ठरेल."

पलीकडे बाळ रडायला लागलं. "भूक लागलीय तिला, ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला.